सहा हजारांत तिघांचा महिना: खोलीवरचा किराणा कसा भरावा

प्रश्न विचारणारा मुलगा शिरपूर तालुक्यातला आहे. धुळ्याला देवपुरात खोली करून राहतो. सोबत दोन मित्र आहेत, त्यातला एक अंडीही खात नाही. एका बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, तवा आणि दोन पातेली एवढा संसार. फ्रीज नाही. भाडं आणि गॅस सोडून खाण्यासाठी माणशी दोन हजार रुपये. "मावशी, दोन्ही वेळचा डबा परवडत नाही आणि वीस तारखेनंतर आम्ही नुसत्या भातावर नि नूडल्सवर येतो. घरून ज्वारी मिळते, पण तिच्यात टोके झालेत. अंगाला लागेल असं काय नि किती भरून ठेवू?"

मुलींच्या वसतिगृहाचं कोठार आणि स्वयंपाकघर मी बरीच वर्षं सांभाळलं, शिकले ते गृहविज्ञान. त्यामुळे पुस्तकातला तक्ता आणि महिनाअखेरचा रिकामा डबा, दोन्ही पाहिलेत. लांबलचक लिहिते आहे, पण तुझ्या प्रश्नातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देते.

सहा हजारांत तिघांचं नीट भागतं. अडचण खर्चाच्या क्रमात असते. मुलं एक तारखेला दुकानात जातात ती तांदूळ, तेलाचा डबा, चहा-साखर, बिस्किटं, नूडल्स नि दोन-चार मसाल्यांची पाकिटं घेऊन येतात. डाळ मात्र 'लागेल तशी आणू' म्हणून अर्धा किलो. वीस तारखेपर्यंत पैसे संपतात, डाळ त्याच्याही आधी संपलेली असते, आणि डब्यात तांदूळ तेवढा शिल्लक राहतो. म्हणून यादी लिहायची ती डाळी-कडधान्यांपासून. तिघांच्या महिन्याची आठ किलो डाळ-कडधान्यं आणि दोन किलो शेंगदाणे पहिल्या दिवशी खोलीत आले पाहिजेत. मग धान्य, मग तेल. बाकीचं उरलेल्या पैशांत.

आठ किलो ऐकून दचकू नकोस. माणशी दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आत बसतं ते, म्हणजे दोन्ही जेवणांत मिळून दीड मूठ कच्ची डाळ. आणि पैशांत पाहायचं तर टपरीवरचा दहाचा चहा दिवसातून दोनदा घेतला तर एकाचे महिन्याला सहाशे, तिघांचे अठराशे होतात. आठ किलो डाळ-कडधान्यं नऊशेच्या आसपास येतात. चहा सोडा असं मी म्हणत नाही, खान्देशात असं सांगणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. एक चहा खोलीवर करा, एवढंच.

आता दहा रुपयांत प्रथिनं किती मिळतात ते बघ. भाव हलत राहतात, मी आजचे ढोबळ धरते. दहा रुपयांच्या हरभऱ्यात वीस ग्रॅमच्या वर, अख्ख्या उडदात नि मुगात साधारण तेवढीच, तूरडाळीत सतराच्या आसपास, शेंगदाण्यात एकोणीस. अंड्यात आठ-नऊ, दुधात पाच-सहा, पनीरमध्ये जेमतेम पाच. सगळ्यात वर सोयाबीनच्या वड्या, चाळीसच्या पुढे. वजनाने निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात त्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं पुरतात, ५५ किलोच्या बाईला ४६. खाली जी यादी देते आहे तिच्यात माणशी सत्तरच्या घरात जातात. तेव्हा पनीरच्या भाजीसाठी जीव तोडायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. ज्वारी-गव्हात लायसिन नावाचा प्रथिनांतला एक घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन नावाचा दुसरा घटक कमी, तो धान्यात मिळतो. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. माप साधारण तीन-चार भाग धान्याला एक भाग डाळ. आणि हे माप आपल्याकडे कोणत्याही तक्त्याच्या आधीपासून आहे. कळण्याच्या पिठात चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे काळे उडीद पडतात ना? तेच ते.

म्हणून माझा पहिला आग्रह कळण्याचा. तुझी घरची ज्वारी, त्यात चौथा हिस्सा सालासकट उडीद, मूठभर मेथ्या आणि मीठ, असं एकत्र गिरणीत दे. पीठ थोडं जाडसर दळायला सांग. याचा फायदा नुसता पोषणाचा नाही. शिकाऊ हाताची ज्वारीची भाकरी थापताना चिरते आणि मुलं तिसऱ्या दिवशी ज्वारी सोडून पावावर जातात. उडदाला चिकटपणा असतो, त्यामुळे कळण्याचं पीठ नवख्या माणसाचंही ऐकतं. पाणी कोमट घे, पीठ तळहाताने दाबून चांगलं मळ, एका वेळी एकाच भाकरीपुरतं. तरीही जमलं नाही तर थापूच नकोस. पीठ सरबरीत भिजव, कांदा, मिरची, असली तर मेथी चिरून घाल आणि तव्यावर धिरडी टाक. पंधरा मिनिटांत तिघांचं जेवण. सोबत शेंगदाण्याची चटणी नि कच्चा कांदा. दुसरी भाजी नसली तरी चालतं.

दळण मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच आण. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, मग कोणाच्याच हाताची भाकरी होत नाही. ज्वारी दादर, म्हणजे आपली रब्बीची देशी, असेल तर नशीबवान आहेस, भाकरी गोड लागते. संकरित असली तरी पोटाला फरक नाही.

आता महिन्याचं माप. तिघांसाठी, सकाळचा नाश्ता आणि दोन जेवणं खोलीवर, असं धरून सांगते.

ज्वारी १२ किलो, त्यातली ८ किलो कळण्याला, ४ किलो साधी. गहू १० किलो. तांदूळ ६ किलो, पोहे २ किलो. झालं ३० किलो धान्य, साधारण अकराशे रुपये, आणि ज्वारी घरची आहे म्हणून तुझे त्यातले चारशे वाचतात. त्या चारशेंचं काय करायचं ते पुढे सांगते. मग अख्खे उडीद अडीच किलो (दोन कळण्याला, अर्धा किलो घुटं, म्हणजे घोटलेली आमटी, करायला), तूरडाळ २ किलो, मूगडाळ १ किलो, हरभराडाळ सव्वा किलो आणि मटकी, हरभरे, चवळी मिळून सव्वा किलो. यांचे नऊशे. शेंगदाणे २ किलो, अडीचशे-पावणेतीनशे. सोयावड्या अर्धा किलो, साठ रुपये. तेल २ लिटर, तीनशेच्या आत. गूळ नि साखर किलो-किलो, शंभर रुपये. मीठ, तिखट, हळद, मोहरी, जिरं, चहा पावडर यांचे अडीचशे, दळणाचे सव्वाशे. इथपर्यंत एकतीसशे होतात. रोज अर्धा लिटर दूध, त्याचे नऊशे. भाजीला दिवसाला चाळीस, म्हणजे बाराशे. दोघांना रोज एक अंडं धरलं तर साठ अंडी, सव्वाचारशेच्या आसपास. एकूण पाच हजार सहाशेच्या आसपास थांबतं. वरचे चारशे आणि ज्वारीचे वाचलेले चारशे फळांना आणि अडीअडचणीला ठेव.

मी मुद्दाम वरच्या टोकाचे भाव धरलेत. भाव चढले तर काय कमी करायचं हेही आधी ठरवून ठेवा. तूर महागली की तूर अर्धी करून मूग आणि हरभराडाळ वाढवा, वरण मुगाचंही होतं. अंडी महागली की सोयावड्या. तेल महागलं तर आनंदच माना. दोन लिटर हे तिघांना पुरेसं आहे, माणशी दिवसाला वीस ग्रॅम पडतं आणि त्याहून जास्त लागतही नाही. आपल्याकडे रश्शावर बोटभर तर्री नसली तर भाजी झाली असं वाटत नाही. ती हौस महिन्यातून दोन रविवारी करा.

तर्रीचा विषय निघालाच आहे तर शेवभाजीचंही सांगून टाकते. खोलीवर राहणाऱ्या मुलांची ती लाडकी, कारण भाजी चिरावी लागत नाही. खा की, आठवड्यातून एकदा खा. पण शेव बेसनाची असते म्हणून तिला डाळीत मोजू नका. तळलेल्या शेवेत तेल किती असतं ते कागदावर ठेवली की दिसतं. त्याच रश्श्यात अर्धी शेव नि अर्ध्या भिजवून पिळलेल्या सोयावड्या टाकून बघा. चव जात नाही, मी हे वसतिगृहात बिनबोभाट करत होते आणि मुली वाटी पुढे करत होत्या. हरभराडाळीतली पाव किलो दळून आणली की पिठलं नि पातोडीचीही सोय होते. बेसन शक्यतो असं आपल्या डोळ्यांसमोर दळलेलंच घ्या, सुट्ट्या बेसनात स्वस्त पीठ मिसळलेलं ओळखू येत नाही.

खरेदी कुठे? धुळ्यात पाच कंदील भागात भुसार दुकानं आहेत, तिथे एकदाच, तिघांनी मिळून जा. गोणीतून तोलून घेतलेल्या मालाला पाकिटापेक्षा किलोमागे पाच-पंधरा रुपये कमी पडतात, मात्र माल हातात घेऊन बघायचा. डाळ जास्त चमकत असेल तर ती पॉलिश केलेली आहे, जास्त पैसे देऊन ती घेण्यात अर्थ नाही. जळगाव हे डाळमिलचं गाव, आपल्याकडे डाळ प्रतवार मिळते. फटका डाळ सगळ्यात महाग, कारण दाणा सारखा नि अख्खा. तुकडा डाळ बरीच स्वस्त. कुकरमध्ये तीन शिट्ट्या झाल्यावर कोणती कोणती ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पोषण तेच. तांदळातही कणी घ्यायला लाजू नका, खिचडीला ती उलट चांगली. हळद नि तिखट मात्र सुटं घेऊ नका, भेसळ तिथे सोपी असते. नंदुरबारकडचा कोणी मित्र असेल तर त्याच्या घरून अख्ख्या मिरच्या मागवून डंकावर कुटून आणा, वर्षाचं काम होतं.

तुमच्यापैकी कोणाला शिष्यवृत्तीचा किंवा स्वयम्, स्वाधारसारख्या योजनेचा निर्वाहाचा पैसा मिळत असेल तर तो महिन्याच्या महिन्याला येत नाही, हप्त्याने एकदम येतो. तो आला की मोबाईलच्या दुकानासमोरून न जाता थेट भुसार दुकान गाठायचं. उडीद-मूग दसरा-दिवाळीच्या सुमारास नवे येतात, शेंगदाणेही तेव्हाच. तूर जानेवारीपासून पुढे, दादर नि गहू होळीच्या आगेमागे. ज्या वेळी पैसा हातात असेल त्या वेळी हंगामात जे आहे ते दोन-तीन महिन्यांचं घेतलं तर भावात फरक पडतो. त्याहून जास्त साठवू नका, तुमच्या खोलीत जागा नाही आणि किडीला मात्र भरपूर आहे.

रेशनचंही विचारून घ्या. अन्न सुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर तुमचं नाव असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे, २०२३ च्या जानेवारीपासून मोफत. आधारवर अंगठा लावून ते धुळ्यातल्या दुकानातूनही उचलता येतं. फक्त तुम्ही इथे उचललेलं गावाकडच्या हिश्शातून वजा होतं, तेव्हा आधी घरी बोला. घरची ज्वारी येते तशी तीही आईच्या हिशेबातली असते.

आता वीस तारखेनंतरच्या नूडल्सचं मूळ. हे मूळ जेवणात नसतं. संध्याकाळी साडेपाच-सहाला कॉलेज नि लायब्ररी संपवून खोलीवर येता तेव्हाच्या भुकेत असतं. त्या वेळी कोणी कुकर लावत नाही. हाताशी काही नसलं की पाय आपोआप वडापावाच्या गाडीकडे वळतात, माणशी वीस-तीस रुपये तिथेच गेले, आणि रात्री भूक मोडल्यामुळे स्वयंपाक टळला की सकाळी भिजत घातलेलं कडधान्य वाया. म्हणून किराण्यातला एक डबा फक्त सहा वाजताचा म्हणून वेगळा ठेवा. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ. भट्टीवरचे गरम फुटाणे आणून ठेवले तर आठवडाभर कुरकुरीत राहतात. दुसऱ्या डब्यात पातळ पोहे भाजून त्यात शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट-मीठ. मूठभर मटकी सकाळी भिजत घातली असेल तर संध्याकाळपर्यंत तीही फुगते, कांदा-लिंबू मारून उकडलेली मटकी वडापावाला भारी पडते. बिस्किटांचा पुडा आणायचा नाही असं नाही, पण मैदा, साखर आणि तेल यांनी पोट तासभरच भरलेलं राहतं आणि पुडा मात्र एका बैठकीत संपतो.

तिघांपैकी कोणी पोलीस भरतीची तयारी करत असेल, सकाळी मैदानावर धावत असेल, तर त्याचं माप वेगळं. धुळ्या-जळगावात अशा मुलांना प्रोटीन पावडरचा डबा घ्यायला कोणीतरी सांगतंच. त्या एका डब्याच्या किमतीत तिघांची दोन-तीन महिन्यांची डाळ येते. धावणाऱ्याला मुख्यतः जास्त अन्न लागतं. त्याच्या वाटची दोन भाकरी वाढवा, शेंगदाणे दुप्पट करा, दोन केळी द्या. डाळं, म्हणजे फुटाण्याची डाळ, बारीक कुटून गुळाच्या पाण्यात कालवून पी म्हणावं. प्रथिनंही आली आणि ताकदही.

केळ्यांचं वेगळं सांगायला नको, रावेर-यावलचा माल दारात येतो. निर्यातीला न गेलेली, सालीवर डाग पडलेली केळी डझनामागे बरीच स्वस्त सुटतात आणि आतून अगदी चांगली असतात. डझनभर एकदम आणू नका, एप्रिल-मे महिन्यात दोन दिवसांत काळी पडतात. वरचे आठशे रुपये मी यालाच आणि पेरू, बोरं, सीताफळ अशा हंगामी फळांना धरलेत. सफरचंद आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ आहे, विद्यार्थ्याचं नाही.

भाजीत रोज काहीतरी पालेदार असावं. मेथी, पालक, चुका, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला. गाडीवाल्याकडे सकाळी पंधराची जुडी रात्री आठला दहात मिळते, दुसऱ्या दिवशी टिकत नाही म्हणून तो सोडतो, तुम्ही त्याच रात्री डाळीत टाकून संपवा. फ्रीज नसल्याचा तोटा फारसा नाही. कांदे, बटाटे, भोपळा, लसूण यांना तो लागतच नाही. भरताची वांगी हिवाळ्यात स्वस्त असतात, बर्नरवर भाजता येतात, पण गॅस खूप जातो, म्हणून एखाद्याच रविवारी. लिंबू मात्र सदैव ठेवा. डाळीतलं, पोह्यांतलं, पाल्यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, लिंबाच्या क जीवनसत्त्वाने ते जास्त शोषलं जातं. आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की उलटं होतं, चहातली द्रव्यं लोह अडवतात. तास-दीड तासाचं अंतर राहू द्या. हे तुझ्यापेक्षा तुझ्या बहिणींना सांग. २०२० च्याच शिफारशींत पुरुषाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आहे, आणि खोल्यांवर राहणाऱ्या मुली चहा-बिस्किटावर दिवस काढण्यात तुमच्यापेक्षा पुढे असतात.

अंडी न खाणाऱ्या मित्रासाठी दुधातला मोठा वाटा त्याचा. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताकातूनच यायचं. फ्रीज नाही, म्हणून दूध संध्याकाळी घ्या, तापवून कोमट झालं की निम्मं विरजा आणि सकाळी दही खाऊन टाका. उन्हाळ्यात विरजणाचं भांडं थंड पाण्याच्या ताटात ठेवलं की आंबट होत नाही.

गॅस वेगळा धरलास, पण छोट्या सिलेंडरचा खर्च किलोमागे जास्त पडतो म्हणून तोही किराण्याइतकाच विचारात घ्यायचा. कडधान्यं आणि अख्खे उडीद सकाळी कॉलेजला जाताना भिजत घाला. भिजलेले हरभरे चार-पाच शिट्ट्यांत शिजतात, कोरडे असले तर सिलेंडर खातात. कुकरला एक शिट्टी झाली की आच बारीक. खान्देशी खिचडी ही एका कुकरची आणि एकाच भांड्याची मेजवानी आहे, पण माप बदला. मुलं तीन वाट्या तांदळाला चिमूटभर तूरडाळ घालतात. दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घाला, शेंगदाणे, कांदा-बटाटा टाका, वरून लसूण नि लाल मिरचीची फोडणी. सोबत दही असलं तर आणखी काही लागत नाही. कामाची वाटणी मी नाही सांगणार, ती तुमची भांडणं तुम्ही निस्तरा. फक्त भिजत कोण घालणार हे एकाच्याच नावावर असू द्या, कारण तिघांवर असलं की कोणीच घालत नाही.

राहिली तुझी टोके पडलेली ज्वारी. आधी वास घे. कुबट किंवा मातकट वास येत असेल, दाण्यावर काळी-हिरवट बुरशी दिसत असेल, तर ती खायची नाही आणि धुऊन वाळवूनही चालणार नाही, बुरशीचं विष शिजवण्याने जात नाही. शेंगदाण्यांनाही हेच. काळा पडलेला, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा थुंकून टाकायचा, चटणीत दळायचा नाही. पण वास चांगला असेल आणि नुसते टोके फिरत असतील तर घाबरू नकोस. गच्चीवर कडक उन्हात पातळ पसर, किडे स्वतःच निघून जातात. मग चाळून घे, पाण्यात टाकून वर तरंगणारे पोकळ दाणे काढ, खालचे धुऊन पुन्हा खडखडीत वाळव. दाण्याच्या आत अंडी राहिलेली असतात, म्हणून ही ज्वारी पुन्हा साठवायची नाही, लागोपाठ दळून संपवायची.

नवीन माल भरताना डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा हवा. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून धान्यात थरांनी घाल, ओला घातलास तर त्याच्याच ओलीने बुरशी येईल. डाळींना एरंडेल तेल चोळायची जुनी रीत चांगली आहे, किलोला चमचाभर पुरतं, शिजवण्याआधी डाळ धुतली की झालं. गोणी ठेवायची असेल तर जमिनीवर नको, फळी किंवा विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. श्रावणात हवा दमट असते, तेव्हा महिन्यापुरतंच आणा.

आणि गावाकडे धान्याच्या कोठीत टाकतात त्या सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, कोणी कितीही म्हणालं तरी खोलीत आणू नका. हवेतल्या ओलाव्यानेच त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, त्याच्यावर उतारा औषध नाही, आणि बंद खोलीत धान्याशेजारी झोपणाऱ्यांचे जीव त्याने गेलेले आहेत. घरून येणाऱ्या गोणीत आधीच गोळ्या टाकल्या आहेत का हे आईला फोन करून विचार. टाकल्या असतील तर ती गोणी गावातच राहू दे आणि धान्य मोकळ्या हवेत पसरून, पुडी काढून टाकून, काही दिवसांनी आलं तर चालेल. या महिन्याला तोवर बाजारातून पाच किलो ज्वारी घे, त्यात सव्वा किलो उडीद घाल आणि शनिवारी दळण टाकून ये.